नाशिकच्या पावसातलं सिझियम

(दृश्य: त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरीवर उतरलेले ढग, पावसाचा आवाज)

१९६३ सालचा पावसाळा. त्र्यंबकच्या बाजूला भातखाचरं भरली, गुरं कोवळ्या गवतावर सुटली. त्या पाण्यात आणखी काहीतरी होतं, पण ते कळणार कसं? त्याला वास नव्हता, चव नव्हती.

आदल्या दोन वर्षांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाने चाचणी म्हणून उघड्या हवेत अणुबॉम्ब फोडण्याचा सपाटा लावला होता. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेमल्या बेटांवर फोडलेला एकच बॉम्ब ५० मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या तीन हजार पटींहून मोठा. एवढ्या स्फोटातले किरणोत्सारी कण स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, चढतात, महिनोन्महिने पृथ्वीभोवती फिरतात आणि मग खाली येतात. त्यांना जमिनीवर आणण्याचं मुख्य काम पाऊस करतो. त्यामुळे जिथे पाऊस जास्त, तिथे हे कणही जास्त. इगतपुरीच्या घाटात अधिक पडले असणार, सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात कमी. दुष्काळी भागाला मिळालेली ही एकच सवलत म्हणायची!

(दृश्य: गोठा, धारा काढणारे हात)

या कणांत तीन नावं महत्त्वाची. आयोडीन-१३१ गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जातं. मात्र त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं. नाशिकपर्यंतच्या लांबच्या प्रवासात त्यातलं बहुतेक संपून जातं. स्फोटाजवळ राहणाऱ्यांना ही सवड मिळाली नाही. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनांचा बॉम्ब फोडला, तेव्हा शेजारच्या रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली. मुलं त्या राखेत खेळली. त्यांतल्या बहुतेकांच्या थायरॉइडमध्ये पुढे गाठी झाल्या.

सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं, म्हणून ते इथवर पोहोचले. स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाऊबंद. शरीराला फरक नीट ओळखता येत नाही, वाढत्या हाडांत ते जाऊन बसतं. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले गेले, जवळपास तीन लाख. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कितीतरी पटींनी वाढलेलं आढळलं.

आपल्याकडे तशी मोहीम झाली नाही, पण दात आपलेही साक्ष देतात. चाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झालं होतं. दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, बालपणी एकदा तयार झालं की बदलत नाही, त्या वेळचं कार्बन त्यात तसंच राहतं. आज साठी गाठलेल्या पंचवटीतल्या कुणाचाही दात तपासला तर त्यातल्या कार्बनवरून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो.

(दृश्य: जुन्या नाशिकमधला वाडा, ओसरीवर बसलेली माणसं)

मग यातून आजार किती झाले? इथे भीती आणि बेफिकिरी दोन्ही घाईच्या. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीच्या हिशेबाने १९६३ मध्ये जगातल्या माणसाला या कणांपासून सरासरी ०.११ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली. सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप, मिलिसिव्हर्ट म्हणजे त्याचा हजारावा भाग. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा आणि आकाशातून, दर वर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतेच.

‘छातीच्या एखाद-दुसऱ्या एक्स-रेइतकं तर आहे’, असं म्हणून विषय मिटवला जातो. पण एक्स-रे रुग्णाच्या भल्यासाठी काढतात, आणि तो विचारून काढतात. शिवाय मात्रा लहान असली तरी ती घेणारी माणसं तीनशे कोटींच्या वर होती. एक सिव्हर्टला सुमारे ५ टक्के जादा कर्करोग-मृत्यू, हा किरणोत्सार-सुरक्षेत वापरला जाणारा ठोकताळा लावला तर दहा लाखांमागे पाच-सहा जण येतात. तीनशे कोटींमागे सोळा-सतरा हजार, तेही फक्त त्या एका वर्षाच्या मात्रेचे.

हा ठोकताळा इतक्या लहान मात्रेला लागू पडतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली थेट पुरावा फार धूसर होत जातो. दहा लाखांतल्या हजारो कर्करोगांमधून ते पाच-सहा वेगळे काढायचे कसे? तंबाखूने झालेला आणि बॉम्बने झालेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. नुकसान सिद्ध करता येत नाही म्हणून ते झालंच नाही, असं मात्र ठरत नाही. पंतप्रधान नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, तेव्हा पुरावा याहूनही कमी होता.

(दृश्य: लासलगाव, कांद्याचे ढीग)

किरण दिलेला पदार्थ आणि किरणोत्सारी पदार्थ यांतली एक गल्लत इथे दूर करायला हवी. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण देतात. किरण आरपार जातात, कांदा किरणोत्सारी होत नाही. चाचण्यांच्या कणांचं उलटं होतं: ते स्वतःच पोटात जात आणि आतून किरण सोडत राहत.

अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार केला, भारतानेही लगेच सही केली. हवेतली शेवटची चाचणी चीनने ऑक्टोबर १९८० मध्ये केली. १९६३ च्या सिझियमचा साधारण चौथा हिस्सा अजून मातीत आहे. त्यासाठी आज कुणी वेगळी तपासणी करून घेण्याची गरज नाही. गळ्याला गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवावी, कारण गाठ कशानेही होऊ शकते.