कणसाचा टाका

नमस्कार श्रोतेहो.

यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही अक्कलकोटच्या बाजूला, मामांच्या शेतात गेलो होतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, समोर आंबिलीचं मडकं. पूजा झाली, भज्जी-भाकरी झाली, मंडळी सावलीला टेकली आणि मी बांधाबांधाने हिंडत राहिले. ज्वारी नुकतीच निसवली होती. मामींना विचारून एक कणीस मोडून घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. ते कणीस मला शिवायचं होतं.

गेली अडीच वर्षं मी एक वाकळ, म्हणजे गोधडी, करते आहे. सोळा चौकोनांची, एकेक चौकोन फूटभर, आणि त्यावर आपल्या सोलापूरच्या शिवाराचं वर्ष. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे. रेडिओवर कापड दाखवता येत नाही, म्हणून टाका कसा पडतो ते सांगत जाते. तुम्ही तो डोळ्यांपुढे आणा.

भरतकामाचे छापील नमुने बाजारात भरपूर मिळतात. गुलाब, ट्यूलिप, हंसांची जोडी. ऋतूंचा संच घेतला तर त्यात बर्फाने वाकलेलं झाडसुद्धा असतं. मी वर्षानुवर्षं उशांच्या अभ्र्यांवर तेच भरलं. ट्यूलिप तर शेकड्याने भरली असतील, आणि प्रत्यक्ष पाहिलेलं एकही नाही. करडईचं फूल मात्र लहानपणापासून दर माघात पाहत आले, आणि ते एकदाही सुईवर घेतलं नव्हतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मनाला फार लागलं. वाकळ तिथून सुरू झाली.

पहिलाच प्रश्न होता, वर्ष कुठून धरायचं? चैत्रापासून धरलं तर पहिल्या चौकोनात काय, तर उन्हाने भेगाळलेलं रान. आपला जिल्हा रब्बीचा. पाऊस येतो तो ओढ देत, रुसत, आणि हस्ताचा पडला की शेतकऱ्याला धीर येतो. काळ्या रानात शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेर होते, थंडीत रान भरतं, आणि बाकीचे लोक ज्याला वसंत म्हणतात त्या दिवसांत आपल्याकडे काढणी चाललेली असते. म्हणून माझी वाकळ आश्विनात सुरू होते. पहिल्या चौकोनावर तरवड आहे. घटस्थापनेला माळावरून आणतात ती पिवळी फुलं. तरवडाला कुणी बागेत लावत नाही, पाणी घालत नाही. नवरात्रात मात्र त्याच्या फुलांशिवाय घटाची माळ पुरी होत नाही.

आता ज्वारी. सोळापैकी पाच चौकोन मी एकट्या ज्वारीला दिले आहेत, आणि मला ते जास्त वाटत नाहीत. मालदांडी हे वाण आपल्याच मोहोळचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कापडावर ज्वारी आणायची म्हटलं की सगळे अडतात, कारण तिला पाकळी नाही. नुसते दाणे.

दाण्याला गाठीचा टाका. सुई कापडातून वर काढायची, दोरा तिच्याभोवती दोनदा गुंडाळायचा आणि निघाली त्याच्या अगदी शेजारी, पण त्याच भोकात नव्हे, सुई परत खाली घालायची. त्याच भोकात घातली तर गाठ पलीकडे निसटते. दोरा ओढताना डाव्या हाताने धरून ठेवायचा, शेवटच्या क्षणी सोडायचा. सहापदरी लडीतले तीन पदर घ्या. पहिल्या खेपेला मी जोंधळ्याचा टपोरेपणा दाखवायचा म्हणून तीन-तीन वेढे घातले आणि रिंगही लावली नाही. कणीस झालं छान, पण खालचं कापड आक्रसून वाटीसारखं झालं. तो चौकोन सगळा उसवला. उसवायला दोन संध्याकाळी गेल्या. मालदांडीचं कणीस मधे गच्च असतं आणि कडेला जरा मोकळं, तेव्हा गाठीही तशाच पडायला हव्यात. आणि रंग पांढरा घेऊ नका. पांढऱ्या दोऱ्याची ज्वारी साबुदाण्यासारखी दिसते. सायीचा रंग घ्या, मधेमधे चार गाठी फिकट पोपटी. त्या चार गाठींनी हुरडा दिसतो. तीन इंची कणसाला मला दोनशेच्या आसपास गाठी लागल्या.

करडई वेगळीच. पट्ट्यापट्ट्यांनी ज्वारीच्या कडेला ती पेरतात, कारण काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. फूल आधी पिवळं आणि सुकता सुकता शेंदरी होतं, म्हणजे एकाच झाडावर दोन्ही रंग एका वेळी. त्यासाठी सुईत एक पदर पिवळा आणि एक केशरी असा मिसळून ओवला. फुलाच्या खालची काटेरी पानं हा खरा त्रास होता. साधे टाके घातले तर पान मऊ दिसायचं. शेवटी काजटाक्याने सुटलं. आपण काज करताना गाठींची कड कापडाच्या काठावर ठेवतो. इथे ती कड पानाच्या रेषेवर ठेवायची आणि टाक्यांचे पाय बाहेर काढायचे, एक आखूड, एक लांब. पाय बाहेर आले की पान बोचायला लागतं. माझ्या शेजारच्या अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला. त्यांनी लहानपणी करडई उपटलेली आहे.

जवसाची निळी फुलं एका चौकोनात आली आहेत. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळतात, म्हणून पहाटेच रानात जाऊन बघावी लागली. ज्या झाडापासून लिननचा धागा निघतो तेच हे झाड. आपल्याकडे ते बियांसाठी, तेलासाठी आणि चटणीसाठी लावतात. तो चौकोन मी लिननच्या तुकड्यावर भरला. झाडाचं फूल त्याच झाडाच्या धाग्यावर आलं, याचा मला अजून आनंद आहे.

कापडाबद्दल. खालचं सगळं कापड मांजरपाट, आणि तुकडे आपल्या शहरातलेच. 1877 साली इथे जुनी मिल उभी राहिली. त्या मिलचा भोंगा ऐकून वेळ कळायची असं आमच्या घरातले वडीलधारे सांगतात. मिल गेली, पण पूर्व भागात माग आहेत, चादरी-टॉवेल आहेत, आणि गणवेश शिवणारे कारखाने आहेत. त्या कारखान्यांतून बेताच्या दराने, वजनावर, कातरणीचे तुकडे मिळतात. खाकी, गडद निळा, मातकट तांबडा. शाळेच्या चड्ड्यांचा खाकी हा रंग मला आधी नकोसा वाटायचा. मग एकदा कडब्याच्या गंजीवर तो तुकडा धरून पाहिला. पावसाळा पाहिलेला जुना कडबा अगदी तसाच दिसतो.

नव्या कडब्याचा पिवळा मात्र कुठल्या तुकड्यात सापडेना. तो डाळिंबात सापडला. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब सगळीकडे जातं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि सालं आपण उकिरड्यावर टाकतो. सालं उन्हात कडकडीत वाळवा. शंभर ग्रॅम कापडाला शंभर ग्रॅम वाळली सालं. कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ पूर्ण काढायची, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. सालं रात्रभर भिजवून स्टीलच्या भांड्यात तासभर उकळा, गाळा, त्यात पंधराएक ग्रॅम तुरटी विरघळवा, आणि ओलं कापड घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. सारखं हलवत राहा. वाळवायचं सावलीत. डाळिंबाच्या सालीत तुरट अंश भरपूर असतो, त्यामुळे सुती धाग्यावर हा रंग चांगला धरतो. हळदीचा पिवळा दिसायला याहून सुरेख, पण उन्हाला टिकत नाही. वाकळ उन्हात पडणार, तेव्हा हळद घेऊ नका. आणि रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

याच कापडाचा अर्धा भाग मी पुढे लोखंडाच्या पाण्यात बुडवला. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवले की ते पाणी तयार होतं. पिवळं कापड त्यात घातलं आणि डोळ्यांदेखत काळपट झालं, शेवाळी झाक असलेलं काळं. ती आपली काळी माती! मी ते हातात धरून बराच वेळ उभी राहिले. लोखंडाचं पाणी मात्र बेताने, दोनचार मिनिटंच. जास्त झालं तर धागा कुजतो आणि वर्षा-दोन वर्षांत कापड फाटतं.

वाकळीचा टाका कोणता, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. धावदोरा. माझी आई वाकळ चारी कडांनी सुरू करायची आणि रांगेला रांग लावत आत आत यायची. पेरणीच्या तासाला आणि वाकळीच्या रांगेला ती एकच शब्द वापरायची, तास. "आज किती तास झाले?" असं ती विचारायची तेव्हा शेतातली गोष्ट चालली आहे की शिवणाची, ते आम्हाला तिच्या हातात काय आहे ते बघून कळायचं. काळ्या मातीच्या चौकोनावर मी दुसरं काहीच भरलेलं नाही. सायीच्या दोऱ्याने नुसते तास, कडेपासून कडेपर्यंत. नांगरलेलं रान तसंच दिसतं. सगळ्या वाकळीत मला तोच चौकोन सर्वांत आवडतो.

आपल्या दक्षिणेला विजापूर-धारवाडचा मुलूख, तिथून कसुतीचा कशिदा आपल्याकडे आला, बराचसा इरकल लुगड्यांच्या पदरावरून. त्यात चार टाके: गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे कानडीत आपली मेथी. गावंती आणि मुरगी उलट-सुलट दोन्हीकडून सारख्या दिसतात आणि दोऱ्याला गाठ मारायची नसते. मुरगीचा टाका पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. विहिरीच्या पायऱ्या मी त्याच टाक्याने काढल्या. आईचा एक इरकल पदर जीर्ण झाला होता, त्याची पट्टी वाकळीच्या कडेला लावणार आहे.

पौषाचा चौकोन करताना मी बरेच दिवस अडले होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. एवढं सगळं फूटभर कापडात कसं बसणार? शेवटी फक्त बाराबंदी घेतली. यात्रेत पुरुष माणसं पांढरी शुभ्र बाराबंदी घालून निघतात. पांढऱ्या मलमलीची बोटभर बाराबंदी कापली, वर लावली आणि तिला खरेखुरे बंद शिवले, हाताने बांधता-सोडता येतील असे. घरी आलेलं प्रत्येक लहान मूल आधी तिथेच हात घालतं.

एक गोष्ट मी ठरवून पाळते. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते भरायचं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासूनचं. मी तिथे दोनदा जाऊन आले, दुर्बीण घेऊन तासन्तास बसले. काळवीट दिसले, माळावरचं गवत वाऱ्याने लवताना दिसलं, पण माळढोक दिसला नाही. म्हणून त्या चौकोनावर फक्त गवत आहे. उजवीकडे मूठभर जागा मोकळी ठेवली आहे. पक्षी दिसला की तिथे येईल. कितीतरी जणींनी सांगितलं, चित्र बघून भर की. मन घेत नाही.

उन्हाळ्याचा चौकोन अजून रिकामा आहे. बहावा सगळे सुचवतात, पण चैत्रात आपल्या गल्लीबोळांत खरा दरवळ असतो कडुलिंबाच्या मोहराचा. एवढीएवढी पांढरट फुलं, पायाखाली पसरलेली. ती एकेरी पदराने, एकच वेढा घातलेल्या गाठींनी करून बघणार आहे. चैत्रापर्यंत थांबावं लागेल, कारण ती फांदी समोर हवी.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर वाकळीपासून सुरुवात करू नका. एक बटवा करा, नाहीतर बाळाचं टोपडं, नाहीतर भाकरीच्या टोपल्यावर घालायचा रुमाल. आत्ता हुरड्याचे दिवस आहेत. शेतात गेलात तर परत येताना एक कणीस, एक करडईचं बोंड घेऊन या आणि घरात ठेवून चार दिवस नुसतं बघा. पेन्सिलीने कापडावर बाहेरची रेष काढा, आतलं सुईवर सोडा. बाळाच्या टोपड्यावर गाठीचा टाका आतून टोचतो, म्हणून आतल्या बाजूला मऊ अस्तर लावायला विसरू नका.

आणि डाळिंबाच्या रंगाचं कापड धुताना रिठ्याचं पाणी वापरा. सोड्याच्या साबणाने तो पिवळा मळकट होतो. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं, आणि वाकळ असेल तर दोघींनी दोन टोकं धरून झटकायची.

नमस्कार.