पत्रकारांच्या बाकावरून

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात भरलेली ही सुरक्षा परिषद आहे. समोर १५ देशांचे प्लॅकार्ड आहेत, प्रत्येकामागे कोट घातलेला एक विद्यार्थी आहे, आणि विषय तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवरील हल्ल्यांचा आहे. हेगमध्ये १९६८ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी अशी परिषद भरते, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतही एमयूएन, म्हणजे ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ ही विद्यार्थ्यांची अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद, आता नवीन राहिलेली नाही. परंतु तिचे चित्रण करणारा कॅमेरा बहुधा भाषण करणाऱ्या प्रतिनिधीवरच खिळलेला असतो. आम्ही तो मुद्दाम मागच्या बाकाकडे वळवला आहे, कारण तेथे ‘इंटरनॅशनल प्रेस’ बसते.

या बाकावरच्या विद्यार्थ्याला देश मिळत नाही, वृत्तसंस्था मिळते. या मुलीच्या ओळखपत्रावर रॉयटर्सचे नाव आहे, तिच्या शेजाऱ्याच्या ओळखपत्रावर शिन्हुआचे. शिन्हुआ ही चीनची सरकारी वृत्तसंस्था असल्यामुळे त्याने बातमीचा रोख आणि शब्दांची निवड तिच्या धोरणाला धरून ठेवायची असते. मात्र कोण काय बोलले आणि किती मते पडली, यात तसूभरही फरक करायचा नसतो. प्रतिनिधीने आपल्या देशाची बाजू नीट मांडली की त्याचे काम झाले. बातमीदाराला सगळ्यांच्या बाजू ऐकाव्या लागतात, आणि आमच्या मते या सभागृहातील सर्वांत कठीण काम हेच आहे.

दुसऱ्या दिवशीची ही पत्रकार परिषद पाहा. चीनच्या प्रतिनिधीने सकाळच्या भाषणात नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला होता. रॉयटर्सची बातमीदार वही उघडते आणि विचारते, “जानेवारी २०२४ मध्ये याच प्रश्नावरचा ठराव क्रमांक २७२२ खऱ्या सुरक्षा परिषदेत ११ मतांनी संमत झाला, तेव्हा चीन तटस्थ राहिला होता. मग आज विरोध कशासाठी?” हा प्रश्न तिला ऐनवेळी सुचलेला नाही; त्या मतदानाची नोंद तिने आदल्या रात्रीच काढून ठेवली होती.

शेजारच्या वर्गात संपादकांची खोली थाटलेली आहे. मतदान नुकतेच आटोपले आहे आणि या लॅपटॉपवर शिन्हुआच्या बातमीदाराची पहिली ओळ दिसते: ‘ठराव ८ विरुद्ध ० मतांनी संमत.’ संपादक असलेली विद्यार्थिनी ‘संमत’ हा शब्द खोडते. विरोधात एकही मत नाही, कोणी नकाराधिकारही वापरलेला नाही, तरी सुरक्षा परिषदेत ठराव संमत होण्यासाठी किमान ९ मते लागतात, आणि येथे ७ देश तटस्थ राहिले आहेत. मथळा बदलतो, छायाचित्राखालची ओळ बदलते, आणि बातमीदार आपल्या वहीतील मतांची नोंद पुन्हा एकेक देश घेऊन तपासतो.

तटस्थ राहिलेल्यांत चीनही होता. या बातम्यांच्या पत्रिकेचा अंक दुपारी परिषदेच्या सर्व समित्यांत वाटला गेला, आणि चीनच्या प्रतिनिधीने त्यावर पाठवलेला खुलासा पुढच्या अंकात पहिल्याच पानावर छापण्यात आला.