श्रीस्थानक

साताऱ्याहून आलेला माझा मामेभाऊ ठाणे स्टेशनाबाहेर पडला आणि म्हणाला, "दादा, आमच्याकडे डोंगर दिसला की त्यावर किल्ला असतो. तुमच्या ठाण्यात बघायचं काय?"

मी त्याला तलावपाळीला नेलं. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ आहे. आजची वास्तू पेशवाईतली, १७६० च्या सुमाराची, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेली. पण गाभाऱ्यात गेल्यावर भाऊ थबकलाच. पिंड एवढी थोरली, की उभ्या माणसाच्या छातीला लागावी. ही पिंड तलावात सापडली, शिलाहारांच्या वेळची आहे, असं जुनी ठाणेकर मंडळी सांगत आली आहेत.

शिलाहार! साडेचारशे वर्षांच्या आसपास उत्तर कोकणावर राज्य केलेलं हे घराणं. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. त्यांची राजधानी असलेलं हे शहर ताम्रपटांत 'श्रीस्थानक' म्हणून येतं. आपलं ठाणे ते हेच.

इथून पुढे चालत जुन्या किल्ल्याकडे जाता येतं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, भिंत बाहेरूनच बघायची. १७८७ साली या किल्ल्यात नव्या कामासाठी खणताना मातीतून तांब्याचे पत्रे निघाले. त्यावर संस्कृत मजकूर, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. राजा अरिकेसरी. कार्तिकी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दिलेलं गावांचं दान. दानपत्र ज्यांना उद्देशून आहे, त्यांत श्रीस्थानक नगरात राहणारे लोकही आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या ठाणेकरांना राजाने कळवलंय, की हे दान मी दिलंय, तुम्ही जाणून असा. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता. तिथेच उभं राहून भावाला सांगतानाही आला.

मग लोकल पकडून अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला. इथे मात्र घाई करू नका. काळ्या दगडाच्या बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरत जावं तसा उन्हाळा मागे राहतो, पायाला गार दगड लागतो, वरून झिरपणारा उजेड पिंडीवर येतो.

भावाने विचारलं, "मग हे राजे गेले कुठे?"

शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीचा महादेव यादव हत्तींचं सैन्य घेऊन कोकणात उतरला. सोमेश्वर जहाजांवर गेला, आणि १२६५ च्या सुमारास समुद्रातच बुडाला. बोरिवलीला एक्सरमध्ये वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजं कोरलेली आहेत. काही अभ्यासक त्यांत हीच लढाई बघतात.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसला होता. फलाटावरची पाटी आली तशी त्याने ती मोठ्याने वाचली. "ठाणे." मग थोडं थांबून म्हणाला, "श्रीस्थानक."