हातातलं बळ का जातं?

मंडळी, ऐन वेचणीच्या दिवसांत कामं टाकून आलात, म्हणून सुरुवात कापसापासूनच करतो. बोंडातून कापूस ओढायला अंगठ्याची नि दोन बोटांची चिमूट लागते. ती चिमूट ढिली पडू लागली, सदऱ्याची गुंडी लागेना, कुलपात किल्ली फिरेना, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झाला, की आपल्या वरोरा तालुक्यात पहिली शंका कुष्ठरोगाची येते. साहजिकच आहे, आनंदवन १९४९ पासून आपल्या शेजारी आहे. ती शंका घ्यावीच, कारण कुष्ठरोग औषधांनी बरा होतो. पण अंगावर चट्टा नाही, तपासणीत काही निघत नाही आणि बापाचे, आत्याचे हातही असेच होते, तर मूळ जनुकांत असू शकतं. हे सांगायलाच मी आलो आहे.

अशा आजारांपैकी एक शार्को-मारी-टूथ. तीन डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांचीच ही नावं. यात बिघाड नसांचा असतो. नसेकडून हुकूम नीट पोचत नाही, म्हणून स्नायू वाळतो. बहुधा सुरुवात पायांतून होते: चप्पल निसटते, पाऊल ठेचकाळतं, तळपायाची कमान उंच होते. हातांची पाळी नंतर. यातही नसा जाड होऊ शकतात, बधिरपणा येतो, त्यामुळे कुष्ठरोगाशी गल्लत होऊ शकते. नसांचा वेग मोजणारी तपासणी आणि रक्ताची जनुकीय चाचणी झाली की उलगडा होतो.

दुसरा आजार मायोटोनिक डिस्ट्रॉफी. यात बिघाड थेट स्नायूंचा असतो. त्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. एक बाई मला म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, इळा आवयला का मूठ सुटतच नाई." मी त्यांना मूठ घट्ट आवळून पटकन उघडायला सांगितली. बोटं एकेक करत, सावकाश उलगडली. तेच चार-पाचदा केल्यावर थोडी मोकळी झाली. थंडीत हा त्रास वाढतो. पण हा आजार हातापुरता राहत नाही. हृदयाचे ठोके अडखळू शकतात, कमी वयात मोतीबिंदू होतो. म्हणून ईसीजी वेळोवेळी काढाच. कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. भुलीची काही औषधं अशा रुग्णाला धोक्याची असतात.

हा आजार पिढीगणिक लवकर आणि जोरात येऊ शकतो. आजोबांना नुसता मोतीबिंदू, मुलीची मूठ सुटत नाही आणि नातू जन्मतःच अशक्त, असं एकाच घरात दिसतं. मग घरात "करणी" निघते, सुनेवर ठपका येतो. हे थांबवा, कळकळीनं सांगतो. हा दोष बापाकडून येतो तसा आईकडूनही येतो, आणि दर अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यात कुणाचाच गुन्हा नाही.

मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. पण अंगठ्याला आधार देणारी पट्टी, बेताचा व्यायाम, जाड मुठीचा विळा, यांनी रोजची कामं सोपी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या आजारांचं, नाव आहे आणि मायोटोनिक डिस्ट्रॉफी त्यांतलीच एक, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जरूर अर्ज करा. तपासणीला येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा. कुणाचे हात कसे होते, हे त्यांनाच आठवतं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी आत्ता थांबा. मी एकेकाची मूठ बघतो.