खाली सही कायटेलची

न्यूरेंबर्गच्या न्यायालयातला हा ६०० क्रमांकाचा कक्ष. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीच्या नाझी नेत्यांवर २० नोव्हेंबर १९४५ला इथे खटला उभा राहिला. कठड्याआडचे चेहरे बघा. मागे पांढऱ्या हेल्मेटातले अमेरिकन पहारेकरी. पुढच्या रांगेत ग्योरिंग, हेस, रिबेनट्रॉप आणि चौथा, पदचिन्हं उतरवलेल्या गणवेशातला, हिटलरच्या सैन्यदलांच्या मुख्यालयाचा प्रमुख, फील्ड मार्शल विल्हेल्म कायटेल.

सगळ्यांच्या कानांना हेडफोन. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन. बोलणं चालू असतानाच भाषांतर. बोलणारा सुसाट सुटला की पिवळा दिवा लागतो: जरा दमानं. लाल लागला की थांबायचंच.

तोवर शिरस्ता असा होता की युद्ध राष्ट्र करतं आणि हरल्यावर खंडणीही राष्ट्रच भरतं. सेनापती म्हणणार, मी हुकमाचा ताबेदार. हुकूम देणारा म्हणणार, ते तर राज्याचं धोरण. मग धरायचं कुणाला? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार विजेत्या देशांनी ८ ऑगस्ट १९४५ला लंडनमध्ये या खटल्यासाठी सनद केली; तिनं या दोन्ही पळवाटा बुजवल्या. कलम ७: आरोपी राष्ट्रप्रमुख असला तरी पद त्याला वाचवणार नाही. कलम ८: वरून हुकूम होता म्हणून गुन्हा माफ नाही; फार तर शिक्षा कमी होईल, तीही न्यायालयाला वाटलं तर.

आता हा कागद. तारीख ७ डिसेंबर १९४१. व्यापलेल्या देशांत विरोध करणाऱ्यांना गुपचूप जर्मनीत न्यायचं, घरच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. हुकमाचं नाव ‘रात्र आणि धुकं’. खाली सही कायटेलची.

अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा कागदांवर भर का दिला, ते इथं कळतं. उलटतपासणीत साक्षीदार डगमगतो. सही डगमगत नाही.

कायटेलचं म्हणणं, मी सैनिक, हुकूम पाळला. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे माणसं करतात, अमूर्त संस्था करत नाहीत. आणि कायटेलला हुकमाच्या नावाखाली सौम्य शिक्षाही मिळणार नाही.

न्यायाधीश चारही विजेत्या देशांचे, हा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो खोटा नाही. पण त्यानं कागदावरची शाई पुसली जात नाही.

१ ऑक्टोबर १९४६: बारा जणांना फाशी, सात जणांना कैद, तिघे निर्दोष. कायटेलनं सैनिक म्हणून गोळी मागितली, ती नाकारली गेली.

१९५०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं याच खटल्यातून सात तत्त्वं मांडली. चौथ्यात हुकमाची सबब पुन्हा फेटाळली, पण एक अट घालून: त्या माणसाला नकार देणं खरोखर शक्य असलं पाहिजे.