ठेवणीतलं औषध

[दृश्य: सांगोला तालुका. सकाळची कोवळी उन्हं, डाळिंबाची बाग. बागेच्या टोकाला पत्र्याची खोली.]

पत्र्याच्या खोलीत एक जुना डबा आहे. त्यात नट-बोल्ट, फवारणी पंपाचे दोन-चार वायसर, गंजलेली छाटणीची कात्री, आणि तळाला एक रिकामी पुडी. सहा ग्रॅमची. बागेचे मालक आण्णा ती बोटांनी सरळ करून कॅमेऱ्यापुढे धरतात.

"ही बगा. तेल्या आला की आमची धाव हिच्याकडं. बादलीत सोडायची, काठीनं ढवळायची आन् पंपात भरायची. कशाचं औषध हाय, कुणी इचारलंच न्हाय."

पुडीवर नाव आहे स्ट्रेप्टोसायक्लिन. गावात तिला सगळे 'स्ट्रेप्टो' म्हणतात. आत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांची औषधं. स्ट्रेप्टोमायसिन तर असं, की ज्याच्यापुढे क्षयरोगानं पहिल्यांदा माघार घेतली.

[दृश्य: डाळिंबाचं पान जवळून. पानावर तेलकट काळपट डाग. मग तडकलेलं फळ.]

तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर तेल सांडल्यासारखा डाग येतो, फळावर तो काळा पडतो आणि मग फळ इंग्रजी वाय अक्षरासारखं तडकतं. पावसाळी, दमट हवा लागली की आठवड्याभरात बाग हातची जाते. कर्ज काढून लावलेल्या बागेत असा डाग दिसला की माणूस काय काय फवारेल, हे ज्यानं बाग केली त्यालाच ठाऊक. त्याला शहाणपण शिकवायला आपण आलेलो नाही.

पण पुडीची गोष्ट पुढे आहे. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पुढची चारपाच वर्षंही लोटली नाहीत, तोच ब्रिटनमधल्या वैद्यकीय चाचणीत डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. रुग्ण आधी सुधारत होते, वजन वाढत होतं, आणि मग त्यातले बरेच जण पुन्हा खालावत होते. त्यांच्या अंगातले क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. क्षयावर एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची पद्धत पडली ती त्यातूनच.

दाद न देणं. वैद्यकीय भाषेत याला प्रतिजैविक (अँटिबायोटिक) प्रतिरोध म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. औषधानं लाख जंतू मेले आणि चार वाचले, तर पुढची पिढी त्या चारांची. शिवाय जंतू वाचण्याची ही युक्ती शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. बागेतला जंतू आणि माणसातला जंतू यांच्यात बांध नसतो.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतल्या या दोन औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्यासाठी शास्त्रज्ञ जे सांगतात ते आण्णा आता बोटांवर मोजून म्हणून दाखवतात: बहार बदला, हस्त बहार (पावसाळा सरतानाचा) धरा, रोगट फांद्या-फळं जाळा, दर झाडाला कात्री निर्जंतुक करून घ्या, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारा. यात पुडी फाडण्याइतकं सोपं एकही काम नाही, हेही ते सांगतात.

[दृश्य: सोलापूर शहर. डॉ. कोटणीस स्मारक. भिंतीवरचं कृष्णधवल छायाचित्र.]

आता शहरात येऊ. हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर, आता स्मारक. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये, चीन-जपान युद्धाच्या काळात, चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. सोलापूरकराला ही गोष्ट शाळेतच कळते, त्यामुळे ती सगळी पुन्हा सांगत नाही. एक तपशील मात्र सांगायचा आहे. कोटणीस ज्या रुग्णालयाचे १९४१ साली संचालक झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं. बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. आघाडीवर एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापलं. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले.

बोटाला कापलं, एवढंच कारण.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी दिसून तोवर अकरा वर्षं झाली होती. पण पेनिसिलिन अजून काचेच्या बशीत होतं, बाटलीत आलेलं नव्हतं. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून टोचलं. शिपाई सुधारला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच देत होते. शेवटी तेही संपलं आणि शिपाई दगावला.

बशीतून बाटलीत औषध आणायला मग जी माणसं धावली, ती एका देशाची नव्हती. त्याच वर्षी जुलैत हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली बुरशी घेऊन विमानानं अमेरिकेला गेले. पिओरिया गावच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च कारखान्यात उरणारी मळी बुरशीला चारली, उत्पादन कैक पटींनी वाढलं. सगळ्यात जोमदार बुरशी तिथल्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर मिळाली. मर्क, स्क्विब, फायझर या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांनी माहिती वाटून घेतली. स्वातंत्र्यानंतर तो धागा आपल्याकडेही आला: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आण्णांच्या डब्यातली पुडी तिथलीच.

[दृश्य: सोलापूर–हैदराबाद महामार्ग. गाडीच्या काचेतून.]

सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी घरांचे सोयरे या रस्त्यानं पलीकडे आहेत. लग्नाला, बारशाला याच रस्त्यानं जायचं. हैदराबादेत शिरायच्या आधी पटनचेरू लागतं. औषध कारखान्यांचा पट्टा. तिथल्या सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात शुद्ध होऊन बाहेर पडे. ते 'शुद्ध' पाणी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं आणि २००७ मध्ये आकडे छापले. एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं चढत नाही. हिशेब मांडला तर दिवसाला सुमारे ४५ किलो. सबंध स्वीडन देशाला पाच दिवस पुरेल इतकं, रोज ओढ्याला.

आपल्याकडे तेव्हा राग आला. परदेशी लोक येऊन आमच्या ओढ्याची बाटली भरून नेतात, हा तो राग. एका प्रतिरोधक जनुकाच्या नावात नवी दिल्ली आली, आणि २०१० मध्ये तो आणखी भडकला. थोडा रास्तही होता. त्या कारखान्यांतल्या स्वस्त गोळ्या जातात कुठे? युरोपच्या औषधपेट्यांतच. माल स्वस्त हवा आणि पाणीही स्वच्छ हवं, तर बिल कुणी भरायचं?

निदान भांडण टेबलावर आलं. औषध कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीनं २०२२ मध्ये सांडपाण्यात किती प्रतिजैविक चालेल याचं मानक ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. चिंचोळी एमआयडीसीत आपल्याकडेही रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. हे कागद त्यांच्याही टेबलापर्यंत येणार.

[दृश्य: औषधाच्या दुकानाचं काउंटर. संध्याकाळ. विड्यांची पाटी कडेवर घेऊन उभी असलेली बाई. चेहरा दिसत नाही.]

"दादा, दोनच द्या."

"मावशी, पाच दिवसांच्या हायत."

"दोन घेते की. ताप उतरला तर बास."

पाकिटावर लाल रेघ आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ पासून ती रेघ ओळखायला सरकार सांगतंय. मावशींच्या हिशेबात मात्र उरलेल्या गोळ्यांचे पैसे म्हणजे उद्याची भाजी.

इथे माझंही सांगून टाकतो. मागच्या उन्हाळ्यात आईला लघवीला जळजळ आणि ताप. मी काय केलं? दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलो. शिकलासवरलेला माणूस! तीच गोळी वर्षात तिसऱ्यांदा. चौथ्या दिवशी ताप १०३ वर गेला, मग लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला दिली. रिपोर्ट आला तो एका पानाचा. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. आर, आर, आर, आर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. पोटात घ्यायच्या एकाही गोळीपुढे एस नव्हता. खाली शेरा: ई. कोलाय, ईएसबीएल. आठ दिवस सलाईनमधून इंजेक्शनं झाली. आई बरी झाली, पण ते पान मी अजून जपून ठेवलंय.

ई. कोलाय हे जंतूचं नाव, ईएसबीएल हे त्याच्या हातातल्या कात्रीचं. औषध जवळ आलं की जंतू ते कापून टाकतो. मग चेन्नईच्या ऑर्किड फार्माच्या शास्त्रज्ञांनी कात्रीच्या पात्यात अडकून बसेल असा रेणू तयार केला: एनमेटाझोबॅक्टम. सेफेपिम या जुन्या औषधासोबत तो द्यायचा. कात्री अडकते, जुनं औषध आपलं काम करतं. रेणू चेन्नईत जन्मला, पण हजारावर रुग्णांची चाचणी करायला लागणारा पैसा आणि जाळं एकट्या चेन्नईकडे नव्हतं. जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या अलेक्रा नावाच्या छोट्या कंपनीनं तो पुढे नेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. कशासाठी? मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी. आईच्या पानावरचा रोग.

[दृश्य: पाडव्याची गुढी. गावच्या चावडीवर बोलणी करणारे दोघे.]

मग सगळ्या कंपन्या अशी औषधं का काढत नाहीत? कारण यात पैसा नाही. मधुमेहाची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. त्यातून नवं प्रतिजैविक आलं की डॉक्टर ते वापरतच नाहीत. वापरूही नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले, त्यातला शेवटचा गट अशा औषधांचा. आपल्या भाषेत, ठेवणीतली. पैठणी रोज नेसत नाहीत. पण विणकरानं पोट कशावर भरायचं? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

यावर इंग्लंडनं काढलेली तोड शेतकऱ्याला लगेच कळेल. रोजंदारीवरचा गडी काम असेल तेवढ्या दिवसांचे पैसे घेतो. सालगड्याचं पाडव्याला साल ठरतं. काम पडो न पडो, ठरलेलं द्यायचं. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं दोन औषधं अशी सालानं ठेवली. एका औषधाला वर्षाला एक कोटी पौंडांपर्यंत, किती बाटल्या लागल्या याच्याशी संबंध नाही. त्यातलं एक, सेफिडेरोकॉल, जपानच्या शिओनोगी कंपनीचं. त्याच वर्षी शिओनोगीनं जिनिव्हाच्या जीएआरडीपी या ना-नफा संस्थेला गरीब देशांसाठी ते बनवून घ्यायचे हक्क दिले, आणि बनवायचं काम २०२३ मध्ये आलं पुन्हा चेन्नईच्या ऑर्किडकडे. वीसहून अधिक मोठ्या औषध कंपन्यांनी २०२० मध्ये १०० कोटी डॉलरच्या आसपास निधी उभा केला तो अकाओजेनसारख्या छोट्या कंपन्या तगाव्यात म्हणून. यात परोपकार किती आणि स्वार्थ किती, याची चिकित्सा करत बसण्यात अर्थ नाही. प्रतिजैविक चाललं नाही तर कर्करोगाची महागडी औषधं, सांधेरोपण, अवयवरोपण यातलं काहीच चालणार नाही, हे त्या कंपन्यांना नीट कळतं.

२०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी २०३० पर्यंत प्रतिरोधाशी निगडित मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचं कबूल केलं. दहाच टक्के. पण त्यासाठीही आधी मोजता आलं पाहिजे, आणि मोजणी होते ती अशा खोलीत.

[दृश्य: सोलापुरातली एक सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा. सकाळ. इन्क्युबेटरचं दार उघडतं.]

काल संध्याकाळी आत ठेवलेल्या थाळ्या. पिवळसर जेलीवर जंतूंची साय धरलीय. सायीवर कागदाच्या छोट्या चकत्या, दर चकतीत एकेक औषध. औषध लागू पडलं असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. टेक्निशियन ताई थाळी उजेडाकडे धरून पट्टीनं गोल मिलिमीटरमध्ये मोजतात आणि मोठ्यानं वाचतात. शेजारची मुलगी लिहून घेते.

"सिप्रो... बारा."

"आर."

"को-ट्रायमॉक्साझोल, गोलच नाही."

"आर."

"मेरोपेनेम..." पट्टी थोडी सरकवून पुन्हा लावतात. "सव्वीस."

"एस."

"हं. पुढची दे."