कॉर्नफ्लेक्सचं खोकं मागून वाचा

(सांगलीत विश्रामबाग इथे महिला मंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मॉलचे स्वतःच्या नावाचे कॉर्नफ्लेक्स स्वस्त असतात, म्हणजे त्यात काहीतरी गडबड असणार, हा समज आधी बाजूला ठेवू या. आणि 'मॉलचे काय नि नावाजलेले काय, दोन्ही एकाच कारखान्यातून येतात, नुसतं खोकं वेगळं' असं छातीठोक सांगणारेही भेटतात, त्यांनाही जरा थांबवू.

कॉर्नफ्लेक्सची कृती गुपित नाही. मक्याचं टरफल आणि अंकुर काढायचा, उरलेला जाडा भरडा साखर, मीठ, माल्ट (मोड आणलेल्या जवाचा अर्क) घालून वाफेवर शिजवायचा, थोडा वाळवायचा, रोलरखाली चपटा करायचा आणि खरपूस भाजायचा. केलॉग बंधूंनी अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात १८९४ साली पहिले फ्लेक्स केले, तेसुद्धा गव्हाचे. मका नंतर आला. धाकट्या विलनं १९०६ मध्ये कंपनी काढली आणि त्यात साखर आली. थोरल्या डॉक्टर भावाला ती पसंत नव्हती. ही कंपनी भारतात १९९४ मध्ये आली आणि कारखाना काढला तळोज्याला. तेव्हा 'परदेशी माल' म्हणून कोणी जास्त पैसे मोजत असेल, तर तो माल रायगड जिल्ह्यातलाही असू शकतो.

मॉलवाला बहुधा स्वतः काही भाजत नाही, दुसऱ्याकडून करून घेतो. त्याला टीव्हीवर जाहिरात करायची नसते, फळीवर जागा मिळवायला कुणाची मनधरणी करायची नसते, फळी त्याचीच. स्वस्ताई येते ती मुख्यतः तिथून. पाकिटावर 'उत्पादक' आणि 'विक्रेता' ही नावं वेगळी दिसतात, सोबत एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो. समजा दोन पाकिटांवर उत्पादक एकच निघाला, तरी आतला माल तोच असेल असं नाही. ज्याची ऑर्डर, त्याची कृती.

आता किंमत. समजा, नावाजलेलं खोकं ५०० ग्रॅमचं, २०० रुपयांना. मॉलचं १५० ला. पन्नास रुपये वाचले म्हणून आपण खूश. पण ते ४०० ग्रॅमचं असेल तर? पहिल्याचा किलोचा भाव ४००, दुसऱ्याचा ३७५. चौथा हिस्सा वाचला असं वाटलं, वाचले सहा टक्के. वजनमापाच्या सरकारी नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनं पाकिटांच्या ठरावीक वजनांचं बंधन गेलं, त्यामुळे कुठलंही वजन कुठल्याही खोक्यात सापडतं. त्याच दुरुस्तीनं एक चांगलंही केलं: प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापणं आलं. एमआरपीजवळ बारीक अक्षरात असतो. चष्मा घेऊन जा.

मागची बाजू वाचताना घटकांचा क्रम पाहा. ज्याचं वजन जास्त ते आधी, असा नियम आहे. साखर दुसऱ्या क्रमांकावर असली तर दचकू नका, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये ती असतेच. लक्ष ठेवायचं ते गोडाचे साखर, ग्लुकोज सिरप, मध, माल्ट अर्क असे वेगवेगळ्या नावांचे तुकडे केलेत का यावर. प्रत्येकाचा वाटा लहान होतो आणि यादीत सगळे खाली सरकतात. म्हणून '१०० ग्रॅममध्ये एकूण साखर' हा आकडा पकडा. 'एका वाटीत' हा आकडा नको, कारण ती वाटी बहुधा ३० ग्रॅमची, आणि घरातली मुलं ३० ग्रॅमवर थांबत नाहीत. मिठाचंही तसंच, सोडियमचा आकडा वाचला की गोड पदार्थात किती मीठ असतं ते कळतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखरेविरुद्ध बोलतेय, सांभाळून घ्या. शिवाय दोन ब्रँडमधला ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक पाहून आपण निवड करतो आणि घरी दुधात वरून दोन चमचे साखर घालतो, मग त्या फरकाला काय अर्थ राहिला?

मुलांसाठीच्या गोळ्या-शंखांच्या आकाराच्या चॉकलेटी फ्लेक्सच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. मॉलचे असोत की मोठ्या नावाचे, तो खाऊ आहे, नाश्ता नाही. स्वस्त मिळाला तर जास्त खाल्ला जाईल, एवढाच फरक.

खरा फरक पडू शकतो तो जीवनसत्त्वांत आणि लोहात. ते वरून घातलेले असतात, आणि घालायचे की नाही हे कंपनी ठरवते. मॉलच्या पाकिटावर ती ओळच नसेल, तर स्वस्ताईचा थोडासा भाग तिथून आलेला असू शकतो. काही ठिकाणी लोह म्हणून चक्क लोखंडाची बारीक पूड असते. फ्लेक्स कुस्करून पाण्यात कालवा आणि चांगलं लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतात. नातवंडांना दाखवा, शाळेच्या प्रयोगापेक्षा जास्त आवडेल. पण ज्या घरात पालेभाजी, नाचणी, कडधान्यं रोज होतात, तिथं एवढ्यासाठी दुप्पट पैसे देण्यात मला राम दिसत नाही.

चव? भडंगाच्या बाबतीत आपण सांगलीकर जसे पाकिटावरचं नाव वाचूनच चव ठरवतो, तसंच इथंही होतं. म्हणून खोकी लपवा. तीन वाट्या घ्या: दोनमध्ये एकच कॉर्नफ्लेक्स, तिसरीत दुसरे. वेगळी वाटी कुठली ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानंही तिघांत एक बरोबर येतो, म्हणून एकाच माणसाच्या एका उत्तरावर जाऊ नका, घरातल्या सगळ्यांकडून आणि दोन-तीनदा करून घ्या. दूध गारच असू दे. आपण उकळतं दूध ओततो, मग महागाचे काय नि स्वस्ताचे काय, दोन्हींचा लगदा. कोणालाच फरक कळला नाही तर साधे कॉर्नफ्लेक्स मॉलचेच आणा. मी तेच आणते.

म्यूसलीचं, म्हणजे ओट्स, फ्लेक्स आणि सुकामेव्याच्या मिश्रणाचं, मात्र वेगळं. खोक्यावर बेदाणे-बदामाचं चित्र मोठं असतं, आणि ज्याचा असा गाजावाजा केला त्याचं प्रमाण मागं टक्क्यांत दिलेलं असतं. बेदाणे ५ टक्के असतील तर ५०० ग्रॅमच्या खोक्यात ते भरले २५ ग्रॅम, एक लहान मूठ. तासगाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, बेदाण्याचे सौदे तिथं निघतात आणि आपण खोक्यातले मोजून मिळणारे बेदाणे विकत घेतो! साधे ओट्स, स्वस्तातले कॉर्नफ्लेक्स आणि पावशेर बेदाणे वेगळे आणून घरी मिसळा. फक्त बेदाणे खाताना घाला, बरणीत आधीच घातले तर त्यांचा ओलावा फ्लेक्स शोषून घेतात आणि मऊ पडतात.